भट्टीपासून थंड काचेपर्यंत : काचकलेची प्रस्तावना

चाकणजवळ कुरुळीला, पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला, सेंट-गोबेन सेक्युरिटचा मोटारींच्या काचांचा कारखाना आहे. याच कंपनीचा दुसरा कारखाना भोसरीच्या एमआयडीसीत आहे. चाकणहून पश्चिमेचा रस्ता धरला की तळेगाव दाभाडे लागते. तिथे १९०८ साली, लोकांनी एकेक पैसा देऊन जमवलेल्या निधीतून, काच कारखाना उभा राहिला होता. काच या पट्ट्याला नवी नाही. पण इथल्या माणसाला ती ठाऊक आहे ती माल म्हणून : विंडशील्ड, कंदिलाची चिमणी, औषधाची कुपी, बाटली. कलेचे माध्यम म्हणून काचेकडे पाहण्याची सवय आपल्याला फारशी लागली नाही. मुरानोची फुलदाणी, चर्चची रंगीत खिडकी, राजवाड्यातले झुंबर या वस्तू दुरून पाहायच्या आणि लांबच्या म्हणून सोडून द्यायच्या, असेच चालत आले.

पुढची पाने हे अंतर कमी करण्यासाठी आहेत. काचकलेत नव्याने येणाऱ्या वाचकाला त्यातले मुख्य प्रकार कोणते, ते कसे घडतात आणि हातात आलेली वस्तू कोणत्या रीतीने बनली असेल हे कसे ओळखायचे, एवढे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. अ‍ॅनीलिंग आणि टेंपरिंग यांतला फरक ज्याला कळतो, साचा म्हणजे काय आणि भट्टीचा ताव म्हणजे काय हे ज्याने शॉपफ्लोअरवर पाहिले आहे, त्याला काचकलेची निम्मी वाट आधीच माहीत आहे. कारखान्यातली काच आणि कलावंताची काच एकाच नियमाने वितळतात, वाकतात आणि तडकतात.

आधी पदार्थ. काचेचा कणा म्हणजे वाळूतली सिलिका. नुसती सिलिका वितळवायला १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते आणि ती जुन्या भट्ट्यांच्या आवाक्याबाहेरची होती. वाळूत सोडा मिसळला की हे तापमान बरेच खाली येते. पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून तिला टिकाऊपणा देण्यासाठी चुना लागतो. साध्या काचेत साधारण ७० ते ७४ टक्के सिलिका असते. उरलेल्यात मुख्यतः सोडा आणि चुना. चुन्याऐवजी शिशाचे ऑक्साइड घातले की काच जड, मऊ आणि जास्त चमकदार होते. इंग्लंडमध्ये १६७०च्या दशकात जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने ही शिशाची काच व्यवहारात आणली आणि पैलू पाडलेल्या काचसामानाचा मोठा धंदा तिच्यावर उभा राहिला. बोरॉन घातलेली बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकी फुगते. म्हणून प्रयोगशाळेतली उपकरणे तिची असतात.

रंग येतो धातूंमुळे. कोबाल्टने गडद निळा, मँगनीजने जांभळा, क्रोमियमने हिरवा रंग येतो. तांबे भट्टीतल्या हवेप्रमाणे रूप बदलते : हवा भरपूर असली तर निळसर, प्राणवायू कमी पडला तर लाल. अत्यंत थोड्या सोन्याने माणकासारखा लाल रंग चढतो. लोखंड तर वाळूतच असते, म्हणून साध्या तावदानाची कड आडवी धरून पाहिली की हिरवट दिसते.

आता काचेचा जो गुण या सगळ्या कलेच्या मुळाशी आहे, तो. लोखंड किंवा बर्फ ठरावीक तापमानाला एकदम वितळते. काच तशी वितळत नाही. ती तापेल तशी हळूहळू सैल होत जाते : आधी वाकण्याइतकी, मग ओढण्याइतकी, मग ओतण्याइतकी. या प्रत्येक टप्प्यावर तिच्याशी वेगळे काम करता येते. दुसरी अडचणीची बाजू अशी, की थंड होताना काचेचा पृष्ठभाग आधी आक्रसतो आणि पोटातला भाग मागाहून. ही तफावत आत ताण होऊन बसते आणि पुढे केव्हातरी, काहीही न लागता, वस्तू तडकते. म्हणून साध्या काचेची वस्तू पाचशे अंशांच्या थोडे वर धरून ठेवतात आणि मग संथपणे उतरवतात. हेच अ‍ॅनीलिंग. पेल्याला काही तास पुरतात, जाड ओतीव शिल्पाला आठवडे लागू शकतात. मोटारीच्या मागच्या काचेत मात्र हाच ताण मुद्दाम भरतात. काच सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापवून दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडले की वरचा थर दाबाखाली राहतो आणि काच मजबूत होते. हेच टेंपरिंग. अशी काच फुटली तरी तिचे बोथट दाणे होतात. पोलराइज्ड चष्म्यातून अशा काचेवर ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची नक्षी दिसते. ती त्या ताणाची खूण.

काचकलेच्या पुस्तकांतून प्रकार मांडतात ते बहुधा देशांवरून किंवा शैलींवरून : व्हेनिसची, बोहेमियाची, टिफनीची. ही मांडणी संग्राहकाच्या सोयीची. नव्या वाचकाला मी वेगळी वाट सुचवतो : वस्तू घडताना माणसाचा हात काचेला कोणत्या तापमानाला लागला, हे आधी विचारावे. वितळलेल्या काचेला, ज्योतीत मऊ केलेल्या काचेला, भट्टीत आपसूक लवलेल्या काचेला, की पूर्ण थंड काचेला? या चार प्रश्नांत जवळजवळ सगळी काचकला सामावते, आणि एकाच वस्तूत दोन-तीन उत्तरेही सापडतात.

पहिले घराणे वितळलेल्या काचेचे. त्यातली सर्वांत मोठी कला फुंकण्याची. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, सीरिया-पॅलेस्टाइनच्या प्रदेशात ही युक्ती निघाली. त्याआधी माती-शेणाच्या गाभ्याभोवती काच गुंडाळून आणि मग गाभा खरवडून काढून छोट्या कुप्या करत. फुंकनळीने ते काम काही मिनिटांवर आणले. लोखंडी नळीचे टोक भट्टीतल्या मुशीत बुडवून फिरवले की वितळलेली काच त्यावर काकवीसारखी गुंडाळली जाते. मग ती लोखंडी पाट्यावर लोळवून नीट करायची, फुंकायची, पुन्हा तापवायची, ओल्या लाकडाच्या साधनाने आकार द्यायचा आणि या सगळ्या वेळात नळी फिरवत राहायची. फिरणे थांबले की काच एका बाजूला लोंबते. तळाला दुसरी सळई चिकटवून नळीकडची बाजू मोकळी करतात आणि तोंड घडवतात. काम संपल्यावर सळई तोडली की तळाला खरखरीत व्रण उरतो. फुंकीव पेला उलटा करून तो व्रण किंवा घासून काढलेली त्याची खूण पाहणे, ही ओळखीची पहिली सवय.

व्हेनिसने १२९१ साली आपल्या काचभट्ट्या आगीच्या भीतीने मुरानो बेटावर हलवल्या, आणि त्या बेटावर या घराण्याचे बारकावे वाढले. रंगीत काचेच्या सळया ओढून, त्यांचे जुडगे वितळवून, पुन्हा ओढून कापले की प्रत्येक चकतीत फूल दिसते. अशा चकत्या गरम फुग्यावर लोळवल्या की मिलेफिओरी तयार होते. पांढऱ्या सळया पीळ देऊन बसवल्या की जाळीदार फिलिग्राना. ओतीव काच आणि साच्यात दाबलेली काचही याच घराण्यातली. दाबलेल्या काचेवर गरम असतानाच धातूच्या क्षारांचा फवारा मारला की तिच्यावर तेलाच्या तवंगासारखे रंग खेळतात. तिला कार्निव्हल काच म्हणतात. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सने हात, मासा, हत्ती अशा आकारांच्या कार्निव्हल फुलदाण्या काढल्या आणि आज परदेशचे संग्राहक त्या शोधत असतात. साच्याच्या जोडाची बारीक उभी रेघ बोटाला लागली की वस्तू साच्यातली समजावी.

आपल्या घरांतली सर्वांत ओळखीची काच याच घराण्यातून येते. फिरोजाबादेत बांगडीसाठी भट्टीतून निघणारी काचेची तार फिरत्या बेलनावर सर्पिलासारखी गुंडाळतात, मग सर्पिल कापून सुटी कडी करतात, सधाईत ती सपाट होतात आणि जुडाईत टोके ज्योतीवर सांधली जातात. लग्नात कासाराने भरलेल्या हिरव्या चुड्यातल्या प्रत्येक बांगडीला हा सांधा असतो. मंगळसूत्रातले बारीक काळे मणी त्याहून जुन्या रीतीने येतात : काचेची पोकळ नळी लांब ओढायची, तिचे तुकडे करायचे आणि ते पुन्हा तापवून कडा गोल करायच्या. असे ओढीव मणी दक्षिण भारतातून शतकानुशतके समुद्रापार गेले. नेवासे, तेर आणि कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननांत काचेचे मणी आणि बांगड्यांचे तुकडे निघाले आहेत. त्यांचा पद्धतशीर अभ्यास मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केला, आणि १९६९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय काचेच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ या क्षेत्रातला पायाचा दगड आहे. मराठी वाचकाने त्याची ओळख करून घ्यायलाच हवी.

दुसरे घराणे ज्योतीचे. इथे भट्टी नसते. तयार काचेची सळई किंवा नळी बर्नरच्या ज्योतीत मऊ करून काम चालते. मणी, पाने-फुले, प्राणी, काचेचे बारीक शिल्प हा त्याचा पसारा. ड्रेस्डेनजवळच्या ब्लाश्का पितापुत्रांनी हार्वर्डसाठी केलेली काचेची वनस्पतींची प्रतिकृती-मालिका हे त्याचे एक शिखर. आपल्याकडे हे घराणे प्रयोगशाळांत नांदते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञांच्या गरजेप्रमाणे उपकरणे घडवणारी ग्लासब्लोइंगची कार्यशाळा आहे. कंडेन्सरमधली वेटोळी नळी ज्याच्या हाताने सांधली जाते तो कारागीर कौशल्यात कलावंताच्या शेजारी बसतो. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पेनिसिलिन भरायला लागतात तशा काचनळीच्या कुप्या म्हणजे ज्योतीचे हेच काम, फक्त यंत्राने केलेले. ज्योतीकामात एक नियम काटेकोर पाळावा लागतो : वेगळ्या दराने फुगणाऱ्या दोन काचा एकत्र करायच्या नाहीत. करताना त्या छान जुळतात आणि दुसऱ्या दिवशी सांध्यावर फुटतात.

तिसरे घराणे भट्टीत लवणाऱ्या काचेचे. साधारण साडेसहाशे ते साडेआठशे अंशांच्या दरम्यान काच स्वतःच्या वजनाने वाकते, कडा सोडून देते, शेजारच्या तुकड्याशी एकजीव होते. रंगीत तुकडे रचून ते वितळवून एकसंध करणे म्हणजे फ्यूजिंग. सपाट काच साच्यावर ठेवून ती खाली लवू देणे म्हणजे स्लंपिंग. काचेची पूड साच्यात भरून भाजली की पात द व्हेर होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या कलावंतांनी ती नव्याने जिवंत केली. तिच्या पोटात प्रकाश अडखळतो, म्हणून ती मेणासारखी दिसते. चाकणच्या वाचकाने इथे थांबून आपल्या मोटारीची समोरची काच पाहावी. सपाट काचा कड्याच्या आकाराच्या साच्यावर ठेवून भट्टीत लवू देणे ही तिला बाक आणण्याची रूढ पद्धत, म्हणजेच स्लंपिंग. मग दोन काचांमध्ये पीव्हीबी या प्लॅस्टिकचा बहुधा ०.७६ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा घालून ऑटोक्लेव्हमध्ये उष्णता आणि दाबाने ती एकजीव करतात. कडेची काळी पट्टी आणि तिच्या टोकाला विरळ होत जाणारे ठिपके हे काचेवर छापून भाजलेले इनॅमल. मध्ययुगातल्या सिरियन मशिदींच्या दिव्यांवरची सोनेरी-निळी अक्षरे याच तत्त्वाने काचेला चिकटलेली आहेत. दोन्हींतला फरक हेतूचा आहे : एकीकडे काच गाडीला चिकटवणाऱ्या गोंदाला उन्हापासून वाचवायचे आहे, दुसरीकडे प्रकाशाला प्रार्थना शिकवायची आहे.

चौथे घराणे थंड काचेचे, आणि ते सर्वांत पसरलेले. फिरत्या दगडी चाकावर पैलू पाडणे, तांब्याच्या बारीक चाकांनी कोरणे, हायड्रोफ्लुओरिक आम्लाने खरवडणे, वाळूचा झोत मारून दुधाळ करणे. आम्ल अतिशय घातक, म्हणून हौशी माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. वेगळ्या रंगाचा थर कापून खालचा रंग उघडा केला की कॅमिओ काच. ब्रिटिश म्युझियममधले रोमन पोर्टलँड व्हाज हा तिचा प्रसिद्ध नमुना.

रंगीत खिडकी दोन घराण्यांच्या मध्ये बसते. तिची काच मुळातच रंगीत असते, चेहरे आणि वस्त्रांच्या रेषा तिच्यावर रंगवून भट्टीत भाजतात आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चांदीच्या क्षाराने पिवळी छटाही देतात. पण खिडकी उभी राहते ती थंड कामाने : काच आराखड्याप्रमाणे कापायची, इंग्रजी एच आकाराच्या शिशाच्या पट्ट्यांत बसवायची, सांधे झाळायचे आणि फटी लुकणाने भरायच्या. टिफनीच्या पद्धतीत शिशाऐवजी तांब्याची पातळ पट्टी कडेला लावून झाळतात, त्यामुळे बारीक तुकडेही बसतात. याचे नमुने पाहायला परदेशी जायची गरज नाही. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहातल्या वर्तुळाकार खिडकीत बारा राशी आहेत. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये विल्यम वेल्सच्या खिडक्या आहेत. आणि १८८४ साली पूर्ण झालेल्या कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याच्या दरबारात शिवचरित्रातले प्रसंग रंगीत काचांवर आहेत. कला युरोपची, विषय आपला, असे मिश्रण अभ्यासायला यापेक्षा चांगली जागा सापडणे कठीण.

थंड काचेवरचा आणखी एक प्रकार मराठी माणसाला विशेष जवळचा : काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेले चित्र. यात कामाचा क्रम उलटा असतो. कॅनव्हासवर शेवटी येणारा डोळ्यातला ठिपका, दागिन्याची कड इथे सर्वांत आधी रंगवायची, मग चेहरा, मग वस्त्र आणि शेवटी पार्श्वभूमी. एकदा वरचा थर बसला की खालची चूक दुरुस्त होत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी चित्रे आहेत. शनिवारी-रविवारी पिंपरीहून तिथे जाणे काही अवघड नाही.

आता या भूमीचा भाग. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून पैसा फंड निघाला : दर माणशी वर्षाला एक पैसा, आणि त्यातून देशी उद्योग. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला बळ दिले. तळेगावच्या कारखान्याची सूत्रे ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे आली. ते जपान आणि अमेरिकेत शिकून आले होते आणि पुढे त्यांनी संयुक्त प्रांतात बहजोईला काच कारखाना काढला. तळेगावचे महत्त्व तिथे किती माल निघाला यावर ठरत नाही. तो कारखाना काचकामाची शाळाही होता. परदेशी चिमण्या आणि बांगड्यांवर बहिष्कार घालणे सभेत सोपे होते. त्या जागी ठेवायची वस्तू करणारे हात शिकवून तयार करावे लागत होते.

पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी औंध संस्थानाच्या मदतीने कऱ्हाडजवळ कारखाना काढला. ती जागा ओगलेवाडी झाली आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला. कंदिलाची चिमणी म्हणजे साच्यात फुंकलेली काच. तिची जाडी सगळीकडे सारखी नसेल तर वात पेटताच ती तडकते. चिमणीला कोणी कला म्हणाले नाही, पण ती नीट फुंकणारा माणूस मुरानोच्या कारागिराचे मूळ काम जाणत होता. काचकलेच्या इतिहासात कारखान्याला वगळणे किती चुकीचे ठरते, याचे हे आपल्या घरचे उदाहरण.

जगातही कला आणि कारखाना यांची ताटातूट फार जुनी नाही. शतकानुशतके आराखडा कलावंत करी आणि काच कारखान्यात फुंकली जाई. १९६२ साली अमेरिकेत टोलेडोच्या कलासंग्रहालयात हार्वे लिटलटन आणि डॉमिनिक लाबिनो यांनी लहान भट्टी लावून दाखवली आणि कलावंताला स्वतःच्या कार्यशाळेत काच वितळवणे शक्य झाले. त्यातून स्टुडिओ ग्लास चळवळ निघाली. लाबिनो स्वतः काच उद्योगातले संशोधक होते आणि ती भट्टी चालली ती त्यांच्या कारखान्यातल्या ज्ञानावर. आपल्या पट्ट्याने हा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. भट्टी, तापमाननियंत्रण, साचे, अपघर्षक चाके आणि ती हाताळणारे लोक इथे आहेत. कमी आहे ती काचेकडे कला म्हणून पाहणारी नजर, आणि ती वाचून व पाहून येते.

या विषयात शिरताना वाचकाने तीन गोष्टी कराव्यात. हाती आलेल्या प्रत्येक काचवस्तूला ती घडताना हात किती तापमानाला लागला, हे विचारावे. तळ, कड, जोड आणि बुडबुडे यांकडे आधी पाहावे, नक्षीकडे नंतर. आणि शक्य तिथे काम करणाऱ्याला विचारावे; काचेचे बरेच ज्ञान अजून कागदावर उतरलेले नाही.

शेवटची विनंती या पट्ट्यातल्या कुटुंबांना. तळेगावच्या किंवा ओगलेवाडीच्या कारखान्यात काम केलेल्या कोणाचे साचे, फुंकनळ्या, मालाच्या किमतींची पत्रके, शिकाऊ उमेदवारांच्या वह्या किंवा छायाचित्रे घरात पडून असतील, तर ती भंगारात घालू नका. त्यांची नोंद करा, वस्तू कोणाच्या आणि कुठल्या हे कागदावर लिहून ठेवा आणि एखाद्या संग्रहालयाला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दाखवा. महाराष्ट्राच्या काचकलेचा इतिहास लिहायचा झाला तर त्याची साधने आज अशाच माळ्यांवर सापडतील.